रिंगोची टिंगल पुरे झाली

रिंगो स्टार सामान्य ड्रमर होता, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी बीटल्सची गाणी ऐकलेली नसतात, किस्से तेवढे ऐकलेले असतात. त्यातला सगळ्यात चघळलेला किस्सा असा, की रिंगो बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम ड्रमर नव्हता, असं खुद्द जॉन लेनन म्हणाला होता. लेनन असं म्हणाल्याचा कुठेही पुरावा नाही. हा विनोद १९८०च्या दशकात ब्रिटिश रेडिओ-टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतून पसरला, आणि लेननचा खून झाला डिसेंबर १९८० मध्ये. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायचं आणि त्याच्या हयात मित्राला त्यावरून आयुष्यभर हिणवायचं, हा शुद्ध नीचपणा आहे.

रिंगो डावखुरा, पण वाजवतो उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमसेटवर. उजव्या हाताचा ड्रमर स्नेअरवरून टॉम्सकडे निघतो तेव्हा उजवा हात पुढे जातो, डावा मागून येतो, सगळं सरळ. रिंगोचा डावा हात आधी सुटतो आणि उजव्याच्या वाटेत येतो. त्यातून वाट काढताना एक बारीकसा खोळंबा होतो. 'अ डे इन द लाइफ' (१९६७) हेडफोन लावून ऐका. लेननच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत रिंगोचे टॉम्स येतात, जाड, ओलसर आवाजाचे. ठोका जिथे पडेल असं वाटतं, तिथून तो केसभर मागे पडतो, तरी लय जागची हलत नाही. हातांच्या या अडचणीतून त्याने स्वतःची बोली घडवली. तिची नक्कल करताना भल्याभल्यांची दमछाक होते.

पण हे ऐकायला कान लागतात, आणि सध्या ड्रमरची परीक्षा घेतली जाते घड्याळ लावून. मिनिटाला किती ठोके, पाय किती वेगाने चालतात, स्टिक हवेत किती गिरक्या घेते! 'व्हिप्लॅश' (२०१४) या सिनेमाने तर या रोगाला कलेचा दर्जा दिला. हातातून रक्त आलं की कला आली, आणि मास्तरने पोराला शिव्या घातल्या, मारलं की प्रतिभा उमलते, असं तो सिनेमा बघणाऱ्याच्या मनात भरवतो. त्यासाठी जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची गोष्टही वाकवली. १९३०च्या दशकात कॅन्सस सिटीत ड्रमर जो जोन्सने झांज पार्करच्या पायाशी जमिनीवर टाकली होती. सिनेमातला मास्तर ती त्याच्या डोक्यावर फेकल्याचं सांगतो. अपमान पुरेसा वाटला नाही म्हणून हिंसा घुसवली. मला हा सिनेमा किळसवाणा वाटतो, ऑस्करांसकट.

वेगाचे हे भक्त रॉक ड्रमर जॉन बॉनमचं नाव घेतात तेव्हा तर संताप होतो. त्याचं सगळ्यात थोर काम 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) हे संथ गाणं आहे. हेडली ग्रेंज या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी ड्रमसेट मांडला, वरच्या मजल्यावरून माइक सोडले, आणि बॉनमने एकच ठेका सात मिनिटं वजनाने धरून ठेवला. त्यात कुठेही कसरत नाही. साधेपणाच्या याच गुणासाठी व्हाइट स्ट्राइप्स या बँडची ड्रमर मेग व्हाइट हिला मात्र झोडपलं जातं. २०२३ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने लिहिलं की बरा ड्रमर असता तर व्हाइट स्ट्राइप्स आणखी मोठे झाले असते. अरे, त्या बँडमध्ये माणसंच दोन! बेस गिटारसुद्धा नव्हती. तिथे कुणी भरभरून वाजवलं असतं तर जॅक व्हाइटच्या गिटारला श्वास घ्यायला जागा उरली नसती. मेगला हे कळत होतं, तिच्या टीकाकारांना अजून कळलेलं नाही.

आणि ज्यावर खरं तर गदारोळ व्हायला हवा, त्यावर हे लोक चकार शब्द काढत नाहीत. क्लाइड स्टबलफील्डने १९६९ मध्ये सिनसिनाटीत जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'साठी काही सेकंद एकट्याने ड्रम्स वाजवले. ते तुकडे पब्लिक एनिमीने उचलले, एलएल कूल जेने उचलले, शिनेड ओ'कॉनरने उचलले. अर्धं हिप-हॉप त्यावर उभं राहिलं. गाण्यावर रचनाकार म्हणून नाव जेम्स ब्राउनचं. स्टबलफील्डला त्या सॅम्पल्सची रॉयल्टी मिळाली नाही. त्याच्या कॅन्सरच्या उपचाराचं बिल शेवटी प्रिन्सने भरलं. १९६९ सालीच ड्रमर ग्रेगरी कोलमनने 'आमेन, ब्रदर'मध्ये वाजवलेल्या चार मात्रावर्तनांवर इंग्लंडमध्ये जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे प्रकार जन्माला आले. कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत मेला. चाल आणि शब्द म्हणजे रचना, ठेका म्हणजे मजुरी, हा हिशेब संगीताच्या धंद्याने स्वतःच्या सोयीसाठी लावला आणि कायद्याने तो खपवून घेतला. ही लूट आहे.

ठेक्याचं श्रेय वाटता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. आर.ई.एम. या बँडने आपल्या गाण्यांवर चौघांची नावं लावली, ड्रमर बिल बेरीचंसुद्धा. 'एव्हरीबडी हर्ट्स' (१९९२) हे त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एक, आणि ते मुख्यतः बेरीनेच रचलं. त्यात बराच वेळ बेरीचे ड्रम्स वाजतच नाहीत, ठेका साधं ड्रम मशीन धरतं, कारण ते तिथे नको आहेत हे त्या ड्रमरला कळत होतं.