उंटाचें वशिंड

“उंट आपल्या वशिंडांत पाणी सांठवितो,” हें वाक्य शिक्षकी पेशाच्या पहिल्याच वर्षीं मीं फळ्यावर लिहिलें आणि मुलांनीं तें निमूटपणें उतरून घेतलें. उंटावरून शेळ्या हांकण्याचा आम्हां शिक्षकांचा हा जुनाच प्रकार! वशिंडांत असते ती चरबी. पाण्याची काटकसर करितें तें उंटाचें सगळें शरीर. तहानलेल्या उंटाचें उष्णतामान पहांटे सुमारें ३४ अंशांपर्यंत उतरतें व दुपारीं ४१ अंशांच्या जवळ जातें. तोंवर तो घामावर फारसें पाणी खर्चीत नाहीं. आपल्या घरीं कोणास ४१ अंश ताप चढला, तर केवढी धांवपळ उडेल!

ही चूक सुधारणें सोपें. दुसरी अधिक चिवट आहे. वाळवंटांत राहतां यावें म्हणून उंटास वशिंड आलें, असें आम्ही अजूनही शिकवितों. हें ‘म्हणून’ मला खटकतें. गरज पडतांच शरीर बदलत असतें, तर दुष्काळांत एकही गुरूं दगावतें ना. एकाच जातीच्या पिलांत जन्मतःच थोडाथोडा फरक असतो. ज्यांचा फरक त्या स्थळीं उपयोगी पडतो, त्यांची संतति अधिक टिकते. हें कार्य एका आयुष्यांत होत नाहीं. त्यास असंख्य पिढ्या लागतात.

शिवाय उंटाचें कुळ मूळचें वाळवंटी नव्हेच. तें उत्तर अमेरिकेंत उदयास आलें. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समीअर बेटावर सांपडलेल्या पायाच्या हाडाच्या तुकड्यांवरून, सुमारें ३५ लक्ष वर्षांपूर्वीं तेथील अरण्यांत आजच्याहून मोठा उंट वावरत होता, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. तेथील हिंवाळा दीर्घ व अंधारा. चरबीचा सांठा आणि पसरट पाय प्रथम त्या थंडींत व बर्फावर उपयोगी पडले असावेत, असें संशोधकांचें अनुमान आहे. तें अनुमानच असलें, तरी मला पटतें. गोबीच्या कडक थंडींत दोन वशिंडांचा उंट आजही राहतोच कीं!

यंदा वर्गांत एका मुलीनें नेमकें हेंच विचारलें: “सर, मग त्या थंडींतल्या उंटाला वशिंडें कशाला?” मीं सर्वांस तें ‘म्हणून’ खोडावयास लाविलें. पालकांस वहींत खाडाखोड दिसल्यास त्यांनीं मुलांवर रागावूं नये. ती माझ्या सांगण्यावरून झालेली आहे.