शब्दांच्या मुळाशी

बेळगाव-निपाणी भागाचा विषय निघाला की सीमाप्रश्न, न्यायालय आणि पाट्यांची भाषा यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्याला जोडला गेला, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि निकालाची प्रतीक्षा अद्याप चालूच आहे. या प्रदीर्घ काळात मराठी शाळांत शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी निकालाची वाट पाहत आपले शिक्षण थांबवून ठेवले नाही. तसे करणे कोणालाच शक्य नसते. सीमा कोठे आखली जावी हा प्रश्न मोठ्यांचा आहे. वर्गात बसलेल्या मुलाचा प्रश्न निराळा आणि अधिक निकडीचा आहे: समोर आलेला नवा शब्द कळायचा कसा?

सीमाभागातील मराठी शाळेतल्या मुलाचे ओझे आधी नीट समजून घेतले पाहिजे. घरी आणि वर्गात मराठी, कचेरीत आणि बसच्या पाटीवर कन्नड, पुस्तकाच्या कोपऱ्यात इंग्रजी, शिवाय कानावर पडणारी हिंदी. दहावीपर्यंत त्याने विज्ञान मराठीतून शिकलेले असते. पुढे विज्ञान शाखेत पाऊल टाकताच सारा व्यवहार इंग्रजीतून सुरू होतो आणि दहा वर्षांची शब्दसंपदा एका उन्हाळ्यात निरुपयोगी ठरल्यासारखी वाटते. या धास्तीपोटी पालक मुलाला पहिलीपासूनच इंग्रजी शाळेत घालतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मातृभाषेवरील प्रेम कमी झाले म्हणून ते असे करतात, हेही आम्हाला मान्य नाही. पुढच्या वाटेवर पूल दिसत नाही, म्हणून ते आधीच नदी ओलांडून घेतात, इतकेच.

हा पूल बांधता येतो, आणि त्याचे दगड आपल्याच अंगणात पडलेले आहेत, असे आमचे मत आहे. पाश्चात्त्य देशांतील अनेक शाळांत मुलांना लॅटिन व ग्रीक शब्दमुळे शिकवून त्यांची शब्दसंपदा वाढविली जाते. एक मूळ कळले की त्यापासून फुटलेले दहा शब्द उलगडतात, हे त्यामागील साधे तत्त्व. आपल्याकडे तर उपसर्ग आणि धातू यांचे शास्त्र पाणिनीपासून सिद्ध आहे. ते आपण संस्कृतच्या तासाला कोंडून ठेवले आणि विज्ञान-भूगोलाच्या तासाला मुलांना तयार गोळ्या गिळायला दिल्या. मग पारिभाषिक शब्द जड वाटतात, अशी तक्रार आपणच करू लागलो.

उदाहरणादाखल 'वृत्' हा एकच धातू घेऊ. त्याचा अर्थ वळणे, फिरणे, असणे. प्रकाशाच्या धड्यात 'परावर्तन' आणि 'अपवर्तन' या दोन शब्दांची गल्लत न केलेला विद्यार्थी विरळा. 'परा' म्हणजे मागे, 'अप' म्हणजे बाजूला. आरशावरून प्रकाश मागे वळतो आणि पाण्यात शिरताना बाजूला वळतो, इतके सांगितले की पाठांतराची गरज उरत नाही. रसायनातील 'आवर्तसारणी' ही त्याच घरची, कारण तिच्यात मूलद्रव्यांचे गुणधर्म फिरून फिरून येतात. तबल्याचे 'आवर्तन', भूमितीतील 'वर्तुळ', भूगोलातील 'विषुववृत्त', कवितेचे 'वृत्त', पुस्तकाची 'आवृत्ती', आजोबांची 'निवृत्ती' आणि वाचकांच्या हातातील हे 'वृत्तपत्र', ही सारी एका कुळातील भावंडे होत. 'श्लिष्' म्हणजे चिकटणे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला व्याकरणातील 'श्लेष', विज्ञानातील 'प्रकाशसंश्लेषण', निबंधातील 'विश्लेषण' आणि पावसाच्या दिवसांतील 'आश्लेषा' नक्षत्र वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत. मराठीचे गुरुजी आणि विज्ञानाच्या बाई एकाच शब्दावर उभ्या आहेत, हे मुलांच्या ध्यानात आले की विषयांमधील भिंती आपोआप खाली येतात.

सीमाभागात या पद्धतीचा लाभ दुप्पट आहे. कन्नड ही द्राविडी कुळातील भाषा खरी. पण तिची शास्त्रीय परिभाषा बव्हंशी संस्कृतातूनच घडली आहे. मराठीत प्रकाशसंश्लेषण, तर कन्नडमध्ये 'द्युतिसंश्लेषणे'. आपली आवर्तसारणी तिकडे 'आवर्त कोष्टक' होते, आणि कोष्टक हा शब्द आपल्याला परका नाही. अपवर्तनाला कन्नड पुस्तक 'वक्रीभवन' म्हणते. हाच शब्द आपल्या जुन्या मराठी क्रमिक पुस्तकांतही होता, हे कित्येक पालकांना आठवत असेल. त्रिकोणाला 'त्रिभुज' आणि चौकोनाला 'चतुर्भुज' म्हणतात हे ऐकून मराठी मुलाला हसू येईल, कारण त्याच्या भाषेत माणूस चतुर्भुज होतो तो लग्न झाल्यावर; परंतु तो शब्द तो पुन्हा विसरणार नाही. लोकशाहीला कन्नडमध्ये 'प्रजाप्रभुत्व' म्हणतात. यातील एकही अवयव त्याला अनोळखी नाही. चौकालाही कन्नड 'वृत्त'च म्हणते. बेळगावच्या राणी चन्नम्मा चौकातून रोज शाळेला जाणाऱ्या मुलाला विषुववृत्त वेगळे कशाला शिकवायला हवे?

गंमत अशी की, काही शब्दांत मराठी व कन्नड एका बाजूला आणि हिंदी दुसऱ्या बाजूला असे चित्र दिसते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण; मराठीत आणि कन्नडमध्ये मात्र शिक्षा म्हणजे दंड. 'कादंबरी' हा शब्द आपण आणि कन्नड लेखक एकाच अर्थाने वापरतो. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या भाषांचे हे देणेघेणे पाट्यांवर काळे फासल्याने पुसले जात नाही. कन्नड सक्तीने लादली जाते तेव्हा तिला विरोध करणे हा मराठी माणसाचा न्याय्य हक्क आहे, आणि तो आम्ही कधीही नाकारणार नाही. परंतु सक्तीला विरोध करणे निराळे आणि भाषेकडे पाठ फिरविणे निराळे. मुलाला कन्नड सोपी करून देणे म्हणजे मराठीचा हक्क सोडणे नव्हे.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीची शास्त्रीय परिभाषा लॅटिन व ग्रीक यांवर उभी आहे, आणि लॅटिन ही संस्कृतची दूरची बहीण. हे नाते जगापुढे मांडण्याचे श्रेय सर विल्यम जोन्स यांच्या १७८६ सालच्या कलकत्त्यातील व्याख्यानाला दिले जाते. परंतु त्याच्या दोनशे वर्षे आधी त्याची चाहूल या किनाऱ्यावर लागली होती, याचा गोमंतकीयांना अभिमान वाटावा. मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदविले. त्याच सुमारास फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन संख्यावाचक शब्दांतील साम्य टिपले. त्याचा मृत्यू १५८८ साली गोव्यातच झाला.

'वृत्' आणि लॅटिन 'व्हर्तेरे' हे एकाच मुळाचे दोन फाटे होत. रिव्हर्स, कन्व्हर्ट, घरातील इन्व्हर्टर आणि कण्यातील वळणारा मणका म्हणून व्हर्टेब्रा, हे सर्व शब्द तेथूनच निघाले. दन्त आणि डेंटिस्ट, पद आणि पेडल, नौ आणि नेव्ही, विद् आणि व्हिडिओ यांचे नातेही तसेच. चांदीची खूण 'एजी' का, असा प्रश्न रसायनाच्या वर्गात मुले विचारतात आणि 'तशीच आहे, पाठ करा' असे उत्तर त्यांना मिळते. लॅटिन 'आर्जेंटम' आणि आपला 'अर्जुन' या दोहोंच्या मुळाशी शुभ्र, चमकदार हाच अर्थ आहे, असे सांगितले तर ती खूण जन्मभर लक्षात राहील. गोव्यात आणि सीमाभागात तर काही लॅटिन शब्द पोर्तुगीजांच्या हातून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले आहेत. आपली 'चावी' पोर्तुगीज 'शाव्ह'मधून, ती लॅटिन 'क्लाविस'मधून. आणि गळ्याजवळच्या हाडाला वैद्यकात 'क्लॅव्हिकल' म्हणतात, म्हणजे लहानशी चावी!

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दिसायला सारखे शब्द नेहमीच सगोत्र नसतात. लॅटिन 'देउस' आणि आपला 'देव' यांचे नाते खरे आहे. पण ग्रीक 'थेओस' त्या कुळातला नाही. म्हणून मनास येईल तशी व्युत्पत्ती सांगण्याचा आपला आवडता छंद शाळेच्या दाराबाहेर ठेवावा लागेल. मूळ अर्थ म्हणजे व्याख्या नव्हे, हेही विसरून चालणार नाही. 'प्रवाह', 'निर्वाह' आणि 'विवाह' हे तिन्ही 'वह्' धातूचे. तेवढ्यावरून कोणाला विवाहाचा अर्थ कळेल असे नाही. आणि शब्दमुळे म्हणजे केवळ संस्कृत असेही नव्हे. कारखाना, दवाखाना, तहसीलदार यांतील फारसी प्रत्यय मराठीत आहेत तसे कन्नडमध्येही आहेत. अस्सल कन्नड आणि अस्सल देशी मराठी शब्दांची आपली मुळे आहेत. धातूंच्या निमित्ताने कोणा एका वर्गाची भाषा सर्वांच्या माथी मारली जाऊ नये. पन्नास-साठ धातू आणि बावीस उपसर्ग यांना संस्कृतच्या पदवीची आवश्यकता नाही. बिडी कामगाराच्या मुलीलाही ते तितकेच सहज येतील आणि तिला त्यांचा उपयोग अधिक होईल, कारण तिच्या घरी शब्दकोश नसतो.

हे करण्यास खर्च फारसा नाही. मराठी माध्यमाच्या विज्ञान, गणित आणि भूगोल या पुस्तकांत प्रत्येक धड्याच्या शेवटी मराठी, कन्नड, इंग्रजी आणि मूळ अशी चार रकान्यांची यादी छापावी. आठवड्यातून एक तास सर्व विषयांच्या शिक्षकांनी मिळून एका धातूसाठी द्यावा. परीक्षेत न शिकविलेला एखादा शब्द देऊन त्याचा अर्थ तर्काने काढावयास सांगावे. म्हणजे पाठांतराला तेथेही वाव राहणार नाही. पुस्तके कर्नाटक सरकारची आहेत. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाला १९६७ पासूनचा अनुभव आहे. न्यायालयात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन सरकारांनी चार रकान्यांच्या यादीपुरते एकत्र बसण्यास कायद्याची कोणतीच आडकाठी नसावी. आणि ती बसणार नसतील, तर सीमाभागातील शिक्षकांनी आणि वाचनालयांनी ही यादी स्वतः तयार करावी.

गोव्याने या बाबतीत नुसते प्रेक्षक राहू नये. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांतील मूल चौथीपर्यंत मराठी वा कोकणीतून शिकते आणि पाचवीत इंग्रजीच्या पाण्यात ढकलले जाते. बेळगावच्या मुलाला जी उडी सोळाव्या वर्षी घ्यावी लागते, ती आपल्या मुलाला दहाव्या वर्षीच घ्यावी लागते. चोर्ला घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे दुखणे एकच आहे, औषधही एकच चालेल.

मातृभाषेतील शिक्षण टिकावे असे केवळ सभांतून म्हणत राहिल्याने ते टिकत नाही. मराठी शाळेत शिकलेले मूल पुढच्या वर्गात कोणताही नवा शब्द न बिचकता फोडून पाहते, असा अनुभव पालकांना येईल, त्या दिवशी त्यांचे पाय आपोआप मराठी शाळेकडे वळतील. तो अनुभव देण्याची जबाबदारी मराठीच्या नावाने बोलणाऱ्या आपणा सर्वांची आहे, आणि येत्या शैक्षणिक वर्षापासून ती पार पाडण्यास कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची गरज नाही.