घरातील विजेचे ओझे

गेल्या महिन्यात आम्हांस एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे कुटुंब मोठे आहे. सासूसासरे, दोन दीर, दोन जावा आणि मुलेबाळे मिळून चौदा माणसे एका चुलीवर जेवतात. अलीकडे त्यांच्या घरी सकाळी सात ते आठच्या दरम्यान मीटरजवळचे बटण वारंवार पडते आणि स्वयंपाकघरासह मागील अर्धे घर बंद होते. वायरमनचे म्हणणे असे की, सोळाचे बटण काढून बत्तीसचे बसवतो, म्हणजे कटकट मिटेल. ‘तसे करून घ्यावे काय?’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पोस्टकार्डावर ‘मुळीच नको’ असे उत्तर आम्ही त्याच दिवशी धाडले. परंतु या प्रश्नात आमचा स्वतःचा एक जुना अपराध गुंतलेला असल्यामुळे त्याचा खुलासा येथे करणे आम्हांस प्राप्त आहे.

आमचे घर तीर्थरूपांनी १९७४ साली बांधले. त्या वेळी घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू म्हणजे नऊ दिवे, तीन पंखे आणि एक रेडिओ. त्याच मानाने तारा घातल्या गेल्या. स्वयंपाकघर, दोन न्हाण्या आणि मधली खोली या सर्वांस मिळून एकच तार, वायरमन लोक जिला ‘तीन-बावीस’ म्हणतात ती. बावीस गेजचे तीन पेड. तिन्ही मिळून जाडी सव्वा चौरस मिलिमीटरहूनही किंचित कमी. पुढे मिक्सर आला, फ्रीज आला, इस्त्री आली, १९९८ साली गीझर आला. तार मात्र तीच राहिली. घरात माणसे वाढली म्हणजे आपण ताटे वाढवतो, अंथरुणे वाढवतो, प्रसंगी माडी चढवतो. लाकडी पट्टीआडच्या तारेची आठवण कोणास होत नाही.

२००९ सालच्या दिवाळीपूर्वी महिनाभर मागील बाजूचा फ्यूज सारखा जळू लागला. शालेय पुस्तकांतून फ्यूजला ‘वितळतार’ असा फार चांगला शब्द योजलेला आहे. वितळावी म्हणूनच घातलेली ती वितळतार. आम्ही उभा जन्म मुलांकडून समासांचे विग्रह करवून घेतले, परंतु या एका शब्दाचा विग्रह स्वतःशी केला नाही. आम्हांस ती तार कच्ची आहे असे वाटले. एका रात्री आम्ही टाकाऊ वायरीतले तांब्याचे पाचसहा पेड एकत्र पिळले आणि ते चिनी मातीच्या पकडीत घट्ट आवळून बसवले. त्या दिवसापासून फ्यूज जळणे थांबले, आणि आम्ही मनातल्या मनात स्वतःवर खूष झालो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेचारला घर जागे झाले. एका न्हाणीत गीझर चालू होता. दुसरीत बादलीभर पाण्यात तापवण्याची सळई सोडलेली होती. मधल्या खोलीत पुतण्या नव्या सदऱ्यास इस्त्री करीत होता, आणि स्वयंपाकघरात आमची धाकटी भावजय मिक्सरवर खोबऱ्याची चटणी वाटीत होती. यांपैकी कोणाचेही काही चुकलेले नव्हते, आणि कोणासही दुसऱ्याने काय चालू केले आहे हे दिसत नव्हते. थोड्या वेळाने तेल-उटण्याच्या वासात एक तिसराच वास मिसळला. आम्ही म्हटले, बाहेर कोणी फटाके उडवीत असेल. मातोश्री तेवढ्या पाटावरून उठल्या आणि म्हणाल्या, “अरे, ही फटाक्याची दारू नव्हे. रबर जळतंय.” मधल्या खोलीच्या दारावरील पट्टीतून धूर निघत होता. तिच्या खाली हातभर अंतरावर दोन लहान मुले अजून निजलेली होती.

मुलांस उचलले, मेन स्विच बंद केला, आणि सुदैवाने तेवढ्यावर निभावले. नऊच्या सुमारास वायरमन स्वतःच्या घरची दिवाळी टाकून आला. त्याने पट्टी उचकटली, तो आत दोन्ही तारांची आवरणे वितळून एकमेकींस चिकटलेली, आणि लाकूड वीतभर कोळसा झालेले. मग त्याने फ्यूज उपसला, हातात धरून उलटसुलट पाहिला आणि विचारले, “मास्तर, ही तार कोणी घातली?” सारे घर ओल्या डोक्यांनी भोवती उभे होते. लेखातून वावरणारे हे आमचे ‘आम्ही’ त्या वेळी कामास आले नाही; ‘मी’ असेच म्हणावे लागले.

त्या पहाटेचा हिशेब आम्ही मागाहून पाटीवर मांडला. गीझर २००० वॅट, सळई १५००, इस्त्री १०००, मिक्सर ५००. बेरीज ५००० वॅट. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. वॅटांस व्होल्टांनी भागले की अँपियर मिळतात, म्हणजे तारेतून किती प्रवाह वाहतो ते कळते. ५००० भागिले २३० म्हणजे पावणेबावीस अँपियर. आमच्या त्या जुन्या तारेने दहाबारा अँपियरपलीकडे जाऊ नये. आता येथे एक गोष्ट अशी आहे की, ती घरातल्या प्रत्येकास ठाऊक असावयास हवी. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे तारेतील उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास प्रयोगांनी हे दाखवून दिले. सातवीतील मुलासही वर्ग करता येतो. तेव्हा हा हिशेब वायरमनवर सोपवून मोकळे होण्याचे कारण नाही.

आता त्या भगिनींच्या बटणाकडे वळू. एमसीबी म्हणतात ते हे बटण वितळतारेचेच धाकटे भावंड. ते जळत नाही, नुसते पडते, आणि पुन्हा वर करता येते. त्यावर लिहिलेला १६ हा आकडा म्हणजे सोळाला स्पर्श होताच ते पडते असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. त्याच्या मानकाप्रमाणे छापील आकड्याच्या १.१३ पट प्रवाह असता ते तासभर पडू नये, आणि १.४५ पट असता तासाच्या आत पडले पाहिजे. म्हणजे सोळाचे बटण अठरा अँपियर तासभर निमूट सोसते, आणि तेवीस झाले तरी पडावयास बराच वेळ घेऊ शकते. बत्तीसचे बटण छत्तीस अँपियर तासभर जाऊ देईल. मागची तार आमच्यासारखी बारीक असेल, तर ती झेपेल त्याच्या तिप्पट प्रवाह तासभर वाहील, आणि बटण जागचे हलणार नाही. म्हणून बटणाचा आकडा घरातील उपकरणांकडे पाहून ठरवावयाचा नसून तारेकडे पाहून ठरवावयाचा असतो. किंबहुना तार तीन-बावीस निघाली, तर त्या भगिनींकडील सोळाचे बटणच मोठे आहे. तेथे दहाचे हवे.

मग उपाय कोणता? गीझर, वातानुकूल यंत्र, इंडक्शनची शेगडी असल्या भारी वस्तूंस मुख्य फळ्यापासून प्रत्येकी स्वतंत्र तार आणि स्वतंत्र बटण द्यावे. तार तांब्याची, अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची असावी. दिव्यापंख्यांस दीडची पुरते. दारावरील पट्टी जळाल्यावर आम्हीही तेच केले. खर्च थोडा नव्हता, आणि त्या वर्षी घरातील दोघांचे दिवाळीचे कपडे राहून गेले. आणखी एक. लहान पिनांचे सॉकेट सहा अँपियरचे असते, म्हणजे ते फार तर १३८० वॅट पेलते. पाणी उकळण्याची किटली १५०० वॅटची असते. तिची मोठी पीन लहान सॉकेटात बसावी म्हणून बाजारात जोडपिना मिळतात. त्या घरात आणूच नयेत. एकाच एक्स्टेन्शन फळीवर इस्त्री आणि किटली शेजारी शेजारी बसवणे हाही त्यातलाच प्रकार. प्लग हातास गरम लागला, सॉकेटाभोवती तपकिरी डाग दिसला, इस्त्री लावताच दिवा मंदावला, तर वायरमनला बोलवावे. येथे हेही सांगून ठेवतो की, एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. विजेचा झटका बसू लागताच वीज तोडणारे यंत्र वेगळे असते. त्यास आरसीसीबी म्हणतात आणि ते ३० मिलिअँपियरचे घ्यावे. बादलीतली सळई मात्र आम्ही त्याच दिवशी अडगळीत टाकली.

नव्या तारा घालीपर्यंत काय करावे, असे त्या भगिनी विचारतील. पाळी लावावी. पंधरा लिटरच्या, २००० वॅटच्या गीझरास पंचवीस अंशांचे पाणी साठ अंशांवर न्यावयास अठरा-वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ इस्त्रीने थांबण्यात कोणाचे काही अडत नाही. आमच्या घरी मधल्या सोप्यात एक पाटी टांगलेली आहे. तिच्यावर प्रत्येक उपकरणाचे वॅट खडूने लिहिले आहेत. गीझर चालू करणारा त्याच्या नावापुढे फुली मारतो आणि बंद केल्यावर पुसतो. फुली असेतो इस्त्रीला हात लावावयाचा नाही. पहिल्या महिन्यात थट्टा पुष्कळ झाली. एकदा कोणीतरी त्या यादीत आमचेही नाव लिहून पुढे शून्य वॅट घातले होते. पाटी अद्याप जागेवर आहे.

तारेच्या आवरणावर तिची जाडी बहुधा छापलेली असते. त्या भगिनींनी दुसऱ्या चांगल्या वायरमनकडून, मेन स्विच बंद करून, फळा उघडवून घ्यावा, मागील बाजूच्या तारेवरील आकडा स्वतः वाचावा आणि आम्हांस कळवावा. तोवर सोळाचे बटण पडले तर पडू द्यावे, आणि ते वर करण्यापूर्वी कोणत्या खोलीत काय चालू होते ते लिहून ठेवावे.