छाटणीची गाडी, हेवी लायसन्स आणि कान

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर एक ठरलेले दृश्य दिसते. कडेला ट्रक उभा, त्यावरच्या हायड्रॉलिक हाताच्या टोकाला पाळणा, पाळण्यात दोघे आणि त्यातल्या एकाच्या हातात धडधडणारा चेनसॉ. खाली मुकादम शिट्टी वाजवून वाहने अडवतो. तीन-चार जण पडलेल्या फांद्या ओढून डंपरमध्ये भरतात. ज्याने ट्रक चालवत आणला, तोच बहुधा पाळणा वर-खाली करणाऱ्या दांड्यांपाशी उभा असतो. २०१८च्या गणनेनुसार एकट्या मुंबईत २९ लाखांहून अधिक झाडे आहेत आणि पावसाआधी त्यांतल्या धोकादायक फांद्या उतरवाव्याच लागतात. फांदी कोणाच्या डोक्यात पडली की बातमी होते. ती कापणाऱ्याला ऐकू कमी येऊ लागले, याची होत नाही.

या टोळीत वर चढण्याची एक वाट असते. पोरगा येतो तो फांद्या ओढायला. मग हातात मशीन येते. पस्तिशी-चाळिशीत गुडघे आणि कंबर बोलू लागली की त्याची नजर ड्रायव्हरच्या सीटवर जाते. हेवीचे लायसन्स असेल तर हजेरी वाढते, सावलीत बसता येते आणि छाटणीचा हंगाम संपल्यावर पाण्याचा टँकर, डंपर, कुठेही काम मिळते. कंत्राटी कामगाराच्या आयुष्यात बढती म्हणावी अशी ही एकच गोष्ट. त्यासाठी तो मोटार ट्रेनिंग स्कूलचे काही हजार रुपये भरतो आणि बुडालेल्या दिवसांची मजुरीही सोसतो.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याने ही वाट आखून दिली आहे. आधी हलक्या वाहनाचा परवाना, तो किमान एक वर्ष जुना झाला आणि वयाची वीस वर्षे पूर्ण झाली की व्यावसायिक वाहनाचा. त्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि प्रत्येक वेळी डॉक्टरचे प्रमाणपत्र. त्या छापील नमुन्यातले प्रश्न साधे आहेत. २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा आहे का? रातांधळेपणा आहे का? हातापायात असा काही दोष आहे का, की ज्याने वाहन चालवणे अवघड व्हावे? आणि नेहमीचे आवाजी इशारे ऐकू न येण्याइतका बहिरेपणा आहे का?

शेवटच्या दोन प्रश्नांपाशी थांबावे लागते, कारण चेनसॉ वर्षानुवर्षे हातात असला तर तो नेमके हेच दोन हिरावून घेतो.

पूर्ण वेगात चालणाऱ्या पेट्रोलच्या चेनसॉचा आवाज वापरणाऱ्याच्या कानापाशी १०० ते ११० डेसिबलच्या घरात असतो. अमेरिकेतील ‘नायोश’ या व्यवसायजन्य आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि आवाज दर तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसाची १५ मिनिटे मिळतात, १०६ला चार मिनिटेसुद्धा नाहीत. म्हणजे पहिला गुलमोहर उतरायच्या आत दिवसाचा कोटा संपलेला असतो आणि कामगाराचे सात तास उरलेले असतात.

भारतात कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. पण झाडाखालचा रस्ता हा कारखाना नव्हे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, ते आजूबाजूच्या रहिवाशांसाठी. गणेशोत्सवात ढोल आणि स्पीकर किती डेसिबलला गेले, याची चर्चा दरवर्षी रंगते आणि ती व्हायलाच हवी. मात्र पाळण्यातल्या माणसाच्या कानापाशी डेसिबल मोजायचा मीटर नेल्याचे दृश्य कोणत्याही शहरात पाहायला मिळत नाही.

आवाजाने कान जातो तो एका रात्रीत नव्हे. आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरत जातात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात होते चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीत. माणसाला हाक ऐकू येते, हॉर्नही येतो. पण ‘स’, ‘श’, ‘थ’ अशी व्यंजने पुसट होतात. गर्दीत बोलणे कळत नाही. घरात टीव्हीचा आवाज वाढतो आणि बायको म्हणते, ‘तुम्हाला हल्ली दोनदा सांगावं लागतं.’ तोवर आठ-दहा हंगाम उलटून गेलेले असतात.

परवान्याची तपासणी हे वेळीच पकडेल, अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत ही व्यवस्था बरीच काटेकोर आहे. तिथे २६,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे पावणेबारा टनांहून जास्त भारक्षमतेचा ट्रक चालवायला व्यावसायिक परवाना लागतो. २०२२पासून नव्या उमेदवाराला नोंदणीकृत संस्थेतून प्रशिक्षण सक्तीचे आहे. एका राज्यातून दुसऱ्यात माल नेणाऱ्या चालकाला जास्तीत जास्त दोन वर्षांनी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. त्यात कानाची परीक्षा कशी घेतात? पाच फुटांवरून कुजबुजतात. ज्या कानाने बरे ऐकू येते त्याने ते ऐकले की उमेदवार पास. यंत्राने मोजलेच, तर ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी घेतात. चार हजार त्यात नाहीच. कारण ही तपासणी चालकाचा कान वाचवण्यासाठी नाही, रस्त्यावरच्या इतरांसाठी आहे आणि त्या कामापुरती ती ठीकही आहे. कान वाचवण्यासाठी तिथे वेगळा नियम आहे: सरासरी ८५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाजात काम करणाऱ्या औद्योगिक कामगाराच्या श्रवणाचा आलेख मालकाने दरवर्षी काढायचा.

इथे मात्र पहिलीच तपासणी तपासणीसारखी होते का, हा प्रश्न आहे. अनेक ठिकाणी डॉक्टरचे प्रमाणपत्र म्हणजे सही-शिक्का. समोर बसलेल्याने ‘काय नाव?’ला उत्तर दिले, म्हणजे कान चांगला! दुसऱ्या तपासणीचा तर पत्ताच नाही. त्यामुळे जो कामगार वीस वर्षे झाडावर राबला आणि आता सीटवर बसू पाहतो, तो एक तर अर्धवट बहिरा असून परवाना मिळवतो, किंवा एखाद्या प्रामाणिक डॉक्टरसमोर नापास होतो. पहिल्यात रस्त्यावरच्यांना धोका, दुसऱ्यात त्याची एकमेव बढती जाते. कान कुठे गेला, हे दोन्ही वेळा कोणी विचारत नाही.

हातांची गोष्ट थोडी वेगळी आणि दिलासा देणारी आहे. यंत्राच्या कंपनाने बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंडीत बोटे पांढरीफटक पडतात. फिनलंडच्या जंगलात चेनसॉ वापरणाऱ्या कामगारांमध्ये १९७२ साली हा त्रास ४० टक्के जणांना होता. १९९०पर्यंत तो पाच टक्क्यांवर आला. या काळात माणसे बदलली नव्हती, यंत्रे बदलली होती: हलकी, मुठीला रबराचे किंवा स्प्रिंगचे आधार असलेली. महाराष्ट्राच्या उष्ण हवेत बोटे पांढरी पडलेली क्वचित दिसतात. मुंग्या, बधिरपणा आणि सैल पकड मात्र येते. ज्या हाताने पुढे तासन् तास स्टिअरिंग धरायचे, तोच हा हात. आणि स्वस्तातला, आधारांचे रबर झिजलेला चेनसॉ पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरणे, ही कंत्राटातली काटकसर त्याच हातातून वसूल होते.

परवान्यात आणखी एक पोकळी आहे. आरटीओची परीक्षा चालणाऱ्या वाहनाची असते. छाटणीच्या गाडीचे खरे काम ती उभी राहिल्यावर सुरू होते. पाळण्यात दोन माणसे आणि हत्यारे मिळून १८० किलो धरले आणि पाळणा ट्रकच्या मध्यापासून आठ मीटर बाहेर गेला, तर गाडी उलटवू पाहणारा जोर एक मीटरवर टांगलेल्या जवळजवळ दीड टनाइतका होतो. तो पेलायचा बाजूला टेकवलेल्या जॅकनी. जॅक पेव्हर ब्लॉकवर टेकला की गटाराच्या झाकणावर, खाली जाड फळी दिली की नाही, यावर वरच्या दोघांचा जीव असतो. विजेच्या तारेपासून किती लांब राहायचे, हेही याच माणसाला कळायला हवे. ‘आठ’चा आकडा नीट काढता आला, यावरून यातले काहीच सिद्ध होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. रोजगाराच्या आणि विमा-भरपाईच्या दृष्टीने तो योग्यच होता. मोटार चालवणाऱ्या लाखो गरिबांना त्याने दिलासा दिला. पण लहान ट्रकवर बसवलेली लिफ्ट आता साध्या परवान्यावरही रस्त्यावर येऊ शकते आणि चाळिशीच्या आतल्या चालकाच्या बाबतीत डॉक्टरच्या प्रमाणपत्राची पायरीही गळते. म्हणूनच यंत्राच्या वापराचे वेगळे प्रमाणपत्र हवे. फांद्यांचा भुगा करणारे चिपर घेण्याआधी तर हवेच. त्याचे रोलर सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास फांदी आत ओढतात; सदऱ्याची बाही अडकली, तर हात मागे घ्यायला एखादा सेकंद उरतो.

हे महागडे स्वप्न नाही. नारळाच्या झाडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने २०११मध्ये सहा दिवसांचे प्रशिक्षण सुरू केले: चढण्याचे यंत्र, सुरक्षेचे धडे आणि सोबत विमा. पाडेल्याच्या कलेला कागद मिळू शकतो, तर चेनसॉला का नाही?

कामगारांची एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती धुडकावून चालणार नाही. इअरमफ घातला की मेच्या उकाड्यात कान भिजून जातात आणि खालून मारलेली हाक ऐकू येत नाही. वरच्याला ‘तार आहे, थांब’ हे ऐकू न येणे म्हणजे मृत्यू. म्हणून तो कापसाचा बोळा घालतो, त्याचा उपयोग अगदी तुटपुंजा. पण चेनसॉ चालू असताना खालची हाक तशीही पोहोचत नाही. उत्तर हातांच्या ठरलेल्या खुणांमध्ये आहे आणि फक्त वर पाहत उभ्या राहणाऱ्या एका माणसात आहे, ज्याच्याकडे फांद्या ओढण्याचे काम नाही. चांगला मफ नीट बसला, तर वीसएक डेसिबल कापले जातात. पाळीपाळीने मशीन धरल्याने तेवढा फरक पडत नाही. वेळ निम्मा केला तरी फायदा तीन डेसिबलचाच. लहान फांद्यांना बॅटरीवरचा चेनसॉ पुरतो, त्याचा आवाज आणि कंप दोन्ही कमी.

छाटणीच्या निविदेत आज गाडीची कागदपत्रे, विमा आणि चालकाच्या परवान्याची प्रत मागतात. त्यात मशीन धरणाऱ्या प्रत्येकाच्या श्रवण आलेखाचा एक कागद वाढवता येईल. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत आणि तपासणी अर्ध्या तासात उरकते. हंगामाच्या आधी एक, संपल्यावर एक. पहिला आलेख काढताना एवढेच पाहावे, की कामगार सरळ कामावरून उठून आलेला नसावा. दिवसभराच्या आवाजाने कान तात्पुरता दडपतो आणि आकडे चुकतात. आधीचे किमान १४ तास शांततेत गेलेले हवेत. सुट्टीनंतरची सकाळ त्यासाठी चांगली, आणि त्या सकाळची हजेरी कापली जाऊ नये.