खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं

राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार निवड समितीच्या सन्माननीय सदस्यांना,


मी एका तालुक्याच्या गावी मुलींना खो-खो शिकवते. राष्ट्रपती भवनातला पुरस्कार सोहळा आम्ही टीव्हीवर बघतो. अर्जुनाचा तो छोटा पुतळा कुणाच्या हातात गेला की मुली टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. ज्यांना मिळाला त्यांच्याविषयी मनात काही नाही. राग आहे तो अर्जावर.

आता खेळाडूनं स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा. संघटनेच्या सचिवांच्या दारात ताटकळणं संपलं, हे चांगलंच झालं. पण मी मोठी आहे हे मीच लिहून द्यायचं, त्याला पुरावे जोडायचे आणि वाट बघत बसायचं, हा कुठला सन्मान? पॅरिसला एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं जिंकलेल्या मनू भाकरच्या खेलरत्नाआधीही चर्चा रंगली ती तिनं अर्ज केला होता की नव्हता याचीच. दोन पदकं अख्ख्या देशानं बघितली होती. अर्ज कशाला हवा होता?

आमच्याकडच्या एका जुन्या खेळाडू ताईंचा अर्ज भरायला आम्ही बसलो होतो. पुरस्कार कुठला ते सांगत नाही. ताईंनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. प्रमाणपत्रांचं लॅमिनेशन पिवळं पडलेलं, सह्यांची शाई उडालेली, नाव माहेरचं आणि आधार कार्डावर सासरचं. ‘आपल्या कामगिरीचे वर्णन करा’ या रकान्यापाशी ताई थांबल्या. “राहू दे गं,” म्हणाल्या, “आपणच आपली आरती ओवाळायची होय?” पिशवी परत कपाटात गेली. त्यांचा पोल डाइव्ह ज्यांनी बघितलाय त्यांना ही पिशवी बघायची गरज नाही. पण बघणारे तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

आमच्या खेळात पाटीवर बसलेल्या मुलीनं खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. उठली की फाउल. आयुष्यभर हे अंगात भिनवलेल्या माणसाला तुम्ही सांगता, आपणहून उठ आणि हात वर कर.

शिवाय गुण मोजायचे ते मुख्यतः आंतरराष्ट्रीय पदकांचे. ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांच्या पदकतालिकेत खो-खो नाही, आणि आमचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला तो २०२५ च्या जानेवारीत. मग तोवर आमच्या पोरींनी गुण आणायचे कुठून? खो-खोला १९९८ नंतर अर्जुन पुरस्कार मिळाला तो थेट २०२० मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादच्या सारिका काळेला. मधल्या बावीस वर्षांत कुणी खेळतच नव्हतं काय?

खाशाबा जाधवांचं नाव मी मुद्दाम घेते, कारण तिथं गुणांचीही अडचण नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. खाशाबा त्यानंतर तेवीस वर्षं हयात होते, महाराष्ट्र पोलिसांत नोकरी करत होते, पत्ता काही गुप्त नव्हता. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन दिला २००० सालचा, मरणोत्तर.

मुरलीकांत पेटकरांच्या नशिबी निदान जिवंतपणी आला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या जवानानं १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकलं. अर्जुन जीवनगौरव हातात पडला १७ जानेवारी २०२५ रोजी, त्यांच्यावर सिनेमा येऊन गेल्यावर. खेळाडूवर सिनेमा निघेपर्यंत थांबायचं, असा काही नियम आहे का? मिल्खा सिंगांनी २००१ मध्ये उशिरा आलेला अर्जुन नाकारला होता. ते मिल्खा सिंग होते, नाकारू शकले. पुरस्काराची रक्कम नाकारण्याची ऐपत आमच्या ताईंची नाही.

प्रशिक्षकांच्या द्रोणाचार्य पुरस्काराविषयी लिहू नये असं ठरवलं होतं, लिहिणारी स्वतः प्रशिक्षक असल्यावर स्वार्थाचा वास येतो. एवढंच म्हणते, भारतीय शिबिरात पोचलेल्या मुलीला पहिल्यांदा बूट घेऊन देणारा कोण, हेही कधी तिलाच विचारा.

मागणी साधी आहे. ऑनलाइन अर्ज राहू द्या, पण त्याच्या भरवशावर बसू नका. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा क्रीडा अधिकारी आहे. राज्य सरकारांना सांगून अशा अधिकाऱ्यांना जुन्या खेळाडूंच्या घरी पाठवा, पिशव्या उघडायला लावा, नावं तुम्हीच लिहून घ्या. आणि सुरुवात वयाची सत्तरी ओलांडलेल्यांपासून करा.

आपली,
एक खो-खो प्रशिक्षक