इंजिनिअर आणि डिझायनर : विभागणी कामाची, माणसांची नव्हे

दहावी उत्तीर्ण होऊन वसतिगृहातून घरी परतणाऱ्या मुलाला गावात एकच प्रश्न विचारला जातो : "इंजिनिअर होणार ना?" या प्रश्नामागे मायाच असते. मजुरीत आणि ऊसतोडीत आयुष्य वेचलेल्या पिढीला 'इंजिनिअर' हा शब्द घर वर येण्याची खूण वाटतो. मात्र त्याच तांत्रिक क्षेत्रात डिझायनर नावाचा दुसरा माणूसही काम करतो, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. डिझायनर म्हटले की आपल्याला कपड्यांचे दुकान आठवते. या स्मरणिकेच्या निमित्ताने या दोन भूमिकांचा विचार आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. जलसंपदा विभागाची नाशिक येथील मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना धरणांची संकल्पचित्रे तयार करते. ते काम अभियंत्यांचे. कारखान्यात संगणकावर सुट्या भागांची रेखाटने करणाऱ्यालाही डिझायनरच म्हणतात. आणि मोबाइलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे हे ठरविणाराही डिझायनरच. म्हणून हुद्द्यावरून नव्हे, तर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावरून भेद ओळखावा. इंजिनिअर विचारतो : हे टिकेल काय? किती भार पेलेल? किती खर्चात होईल? डिझायनर विचारतो : हे वापरणार कोण? त्याच्या हाताला, डोळ्याला, सवयीला ते जुळेल काय?

आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा आपल्या जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो. कालव्याच्या उताराचे गणित चुकले तर पाणी पुढे सरकणार नाही. ही जबाबदारी इंजिनिअरची. परंतु धुणे घेऊन आलेली बाई कोठून उतरेल, घसरून पडलेले जनावर बाहेर कसे येईल, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी कशी कळेल, हेही प्रश्न कालव्याचेच आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सूत्रात सापडते. दुसऱ्यांचे उत्तर शोधण्यासाठी काठावर जाऊन माणसांशी बोलावे लागते.

दोन्ही प्रश्न एकत्र आले म्हणजे काय घडते, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. आपण रोज संगणकावर मराठी वाचतो. 'विंडोज २०००' या प्रणालीबरोबर 'मंगल' नावाचा देवनागरी फाँट आला. त्याची अक्षरे घडविली ती र. कृ. जोशी यांनी. ते कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक होते. पण केवळ सुंदर अक्षरे काढून संगणक मराठी लिहू लागत नाही. 'धर्म' हा शब्द संगणकात साठविताना र आधी येतो आणि म नंतर. दिसताना मात्र त्या र चा रफार होऊन तो म च्या डोक्यावर बसतो. 'कि' मधील वेलांटी क नंतर साठविली जाते, दिसते मात्र आधी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हा मराठीचा भेद यंत्रालाही कळावा लागतो. हा क्रम आणि हे नियम बसविणे इंजिनिअरचे काम. रफार किती उंच असावा, वेलांटीची कमान कोठे टेकावी, बारीक अक्षरही डोळ्यांना न शिणविता कसे वाचता यावे, हे डिझायनरचे काम. यांतले एक जरी राहिले असते, तरी आपल्या मायबोलीचे पान यंत्रावर नीट उमटले नसते.

आपल्या वारशातही याची साक्ष आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'विश्वकर्मा' किंवा 'सुताराचे झोपडे' म्हणतात. त्या चैत्यगृहाच्या छतावर लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. अखंड खडकाला त्या वाशांच्या आधाराची गरज नव्हती. पण लाकडी चैत्यगृहे पाहिलेल्या उपासकांच्या डोळ्यांना ती होती. खडक कोसळू न देता कोरणे आणि त्यात शिरणाऱ्याला आपल्या ओळखीच्या जागेत आल्यासारखे वाटणे, ही दोन्ही कामे तिथे एकजीव झाली आहेत.

आजच्या कचेऱ्यांत मात्र ही एकजीवता क्वचितच दिसते. कोठे डिझायनरचे काम म्हणजे रंगरंगोटी समजली जाते. कोठे सफाईदार इंग्रजी बोलणारा ठरवितो आणि इंजिनिअर निमूटपणे अंमल करतो. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेचे विश्लेषण करताना ती केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बजावले होते. काम वाटून घेणे गैर नाही. पण ठरविणारे वरचे आणि करणारे खालचे अशी उतरंड रचली गेली, की जुनाच रोग नव्या कचेरीत शिरतो. आपली मुले केवळ 'करणाऱ्यां'च्या रांगेत उभी राहणार असतील, तर आपल्याला याची चिंता वाटलीच पाहिजे.

पालक म्हणतील, आधी पोटाची सोय हवी. ते खरेच आहे. अभियांत्रिकीची पदविका लवकर नोकरी देते. डिझाइनच्या जागा थोड्या आणि शिक्षण पुष्कळदा महागडे. म्हणून अभियांत्रिकी सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण दार आहे हे तरी मुलांना कळू द्या. पदवी अभ्यासक्रमासाठी आयआयटी मुंबई घेत असलेल्या 'यूसीड' परीक्षेस बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. आधी इंजिनिअर झालेल्यालाही पुढे 'सीड' परीक्षेतून डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे वळता येते. शासकीय शिक्षणसंस्थांत आरक्षणही लागू आहे.

शाळांनी चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकू नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांकडे दहावीच्या वाढीव गुणांपुरते पाहू नये. हात आणि डोळा घडविण्याची ती पहिली पायरी आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रांत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन मुलांसमोर एखादी वस्तू उघडून दाखवावी : ही चालते कशी, आणि ही अशीच का आहे?

ज्याने वडिलांना सरकारी अर्जापुढे गोंधळून बसलेले पाहिले आहे आणि आईला हापशावर रांगेत उभी पाहिली आहे, त्याला वस्तू कोणाला अडवते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ही जाण आपल्या मुलांची पुंजी आहे. ती गणिताच्या जोडीने वाढली, तर इंजिनिअर होवोत की डिझायनर, ती मुले 'हे कोणासाठी?' हा प्रश्न विचारतील. आणि ठरविणाऱ्यांच्या बैठकीत आपल्या हक्काची जागाही घेतील.