आरोग्य-विचार : आंगठ्याची सुई आणि शस्त्रक्रिया

चैत्र-वैशाखांत नाशकांत घरोघरीं पापड-कुरडयांची धांदल असते. आंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेल्या गृहिणीस वाटतें, आतां सांध्यांत स्टिरॉइडची सुई टोंचून घ्यावी व शस्त्रक्रिया आषाढांत करावी. सुईनें कांहीं आठवडे ठणका कमी होतो, हें खरें. परंतु झीज भरून येत नाहीं. शिवाय हें औषध जंतूंशीं झुंजण्याची शक्ति मंद करितें. शस्त्रक्रियेपूर्वींच्या ३ महिन्यांत सुई घेतल्यास जखमेंत जंतुदोष होण्याचा संभव वाढतो, असें आढळलें आहे. मधुमेह असल्यास रक्तांतील साखरहि कांहीं दिवस चढते. ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. म्हणून सुईनंतर ३ महिने जाऊं द्यावे, व सुईची तारीख शस्त्रवैद्यांस अवश्य सांगावी. यंदाचे पापड घरांतील इतरांनीं लाटले, तर कांहीं बिघडत नाहीं.